30 बर्पी कोण मोजतंय?

रविवारपासून डोक्यात घोळतंय, आज लिहूनच टाकते.

नाशिकला गंगापूर रोडच्या पुढे एका फार्मवर ऑब्स्टॅकल रेस होती, म्हणजे वाटेतले अडथळे पार करत पळायची शर्यत. नाव घेत नाही, आयोजकांनी मेहनत घेतली होती हे खरंय. मी आणि माझी धाकटी जाऊ दोघी पळालो, तिची तर ही पहिलीच रेस. चार महिने पहाटे साडेपाचला पांडवलेणीच्या पायऱ्या केल्यात आम्ही, बारला लटकून लटकून तिच्या तळहाताला घट्टे पडले. पण रात्री पाऊस झालेला, आमची वेव्ह (एकत्र सोडतात ती तुकडी) शेवटून दुसरी, म्हणजे आमच्या आधी शे-दोनशे जणांचे चिखलाचे हात मंकी बारला, म्हणजे हातांनी लटकत पार करायच्या आडव्या दांड्यांना, लागून गेलेले. तिसऱ्याच दांडीला तिचा हात सटकला आणि ती खाली.

अडथळा चुकला की पेनल्टी 30 बर्पी. तिने 30 केल्या, दरवेळी छाती जमिनीला टेकवून, उठून उडी मारून, मोठ्याने मोजत. पाच मिनिटं गेली तिची. शेजारी तिच्याच गटातली एक बाई होती, तिच्या मी बारा मोजल्या, तेराव्याला ती उठली आणि पळाली! तिथे व्हॉलंटियर एकच, कॉलेजचा पोरगा, समोर आठ-दहा जण एकाच वेळी उठतायत पडतायत, तो बिचारा कुणाकुणाचं मोजणार. निकालात ती बाई तिसरी, आमची चौथी. फरक पाऊण मिनिटाचा.

घरी येताना गाडीत एक शब्द बोलली नाही ती.

पेनल्टीच काढून टाका असं मी म्हणत नाहीये. टफ मडर नावाच्या रेसमध्ये पेनल्टी नसते, तिथे एकमेकांना हात देऊन वर ओढायचं असतं, मेन इव्हेंटला नंबरच काढत नाहीत, मग चालतं. पण तुम्ही वेळ नोंदवणारी चिप लावणार, मेडल देणार, तर पडलेल्याला आणि न पडलेल्याला सारखं धरून कसं चालेल. ओसीआर (ऑब्स्टॅकल कोर्स रेसिंग) वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये मनगटाला बँड असतो, अडथळा जमेपर्यंत परत परत ट्राय करायचा, सोडून दिलात तर बँड काढून घेतात. ते त्या लेव्हलला ठीक आहे, आपल्याकडे मंकी बारखाली रांग लागेल आणि मागचे ताटकळतील.

30 बर्पी ही स्पार्टन रेसची ओळख, वर्षानुवर्षं तेच होतं, पण त्यांनीही बऱ्याच अडथळ्यांना पेनल्टी लूप आणलाच ना. म्हणजे बर्पीऐवजी आखून दिलेला जादाचा फेरा पळायचा. मला हेच पटतं, कारण फेरा मोजावा लागत नाही, एकतर मारलात नाहीतर नाही. तालमीत वस्ताद समोर उभा राहून जोर मोजतो म्हणून तिथे कुणी चुकवत नाही, इथे वस्ताद आणणार कुठून?

दुसरं म्हणजे बर्पीने खांदे आणि दंड भरून येतात, आणि मंकी बारनंतर लगेच दोर चढायचा होता. म्हणजे एकदा सटकलात की पुढचंही सटकणार, मग परत 30, चांगली तयारी केलेला माणूसही त्यात अडकत जातो. लूपमध्ये पाय दमतात, हात निदान सुटतात थोडे.

हां, लूप आखूड ठेवला तर जोरात पळणारे लोक मुद्दाम अडथळा सोडून फेराच मारतील, ते नको. अडथळ्याला जेवढा वेळ लागतो त्याच्या दुप्पट तरी लूपला लागला पाहिजे, खांद्यावर सँडबॅग द्या, दोन्ही बाजूंनी दोरी बांधा आणि बाहेर पडायच्या तोंडाशी चिपचं टायमिंग मॅट टाका, म्हणजे नोंद आपोआप होईल. फिनिशला मॅट लावताच ना, अजून एक दोन लावा, त्यासाठी फी थोडी वाढली तरी मी भरेन. लेडीज वेव्हच्या आधी एकदा बार कोरड्या फडक्याने पुसून घ्या, त्याला तर पैसेही लागत नाहीत.

मंगळवारी जाऊ परत पांडवलेणीला आली माझ्याबरोबर. पुढच्या रेसचं रजिस्ट्रेशन सुरू झालंय, फॉर्म भरायच्या आधी आयोजकांना मेसेज केलाय की लूप ठेवणार का, मॅट लावणार का. उत्तर आलं की इथेच टाकते.