व्याकरण आणि लाल पेनमुळे मुलांचं लिखाण मरतं? नाही हो!

इंदूरच्या आपल्या मराठी ग्रुप्सवर सध्या एक मेसेज फिरतोय, की व्याकरण शिकवून कोणी लिहायला शिकत नाही, हे संशोधनाने सिद्ध झालंय, मातृभाषा आपोआप येते, चुका काढल्या की मुलं लिहिणं सोडतात, आणि मोबाईल चुका सुधारतोच. पालक हे वाचून मराठीच्या क्लासमध्ये "व्याकरण नको हं" असं सांगायला लागलेत, म्हणून लिहितेय.

आधी ते संशोधन. १९६३ च्या अमेरिकन अहवालात खरंच म्हटलंय की व्याकरण वेगळं शिकवून लिखाणाला जवळपास काही फायदा होत नाही, उलट लिहायचा वेळ जातो. ग्रॅहम आणि पेरिन या संशोधकांच्या २००७ च्या अहवालातही तसंच दिसलं. पण त्याच २००७ च्या अहवालात छोटी वाक्यं जोडून मोठी करायचा सराव उपयोगी ठरलाय, हे मेसेजवाला सांगतच नाही! "आजी राजवाड्यावर गेली. आजीने शेव घेतली. पाऊस आला." यातून "राजवाड्यावर शेव घेऊन आजी निघणार तोच पाऊस आला" असं मुलाने केलं तर ते व्याकरणच आहे ना, फक्त क्रियाविशेषणाची व्याख्या पाठ नाही केली.

मातृभाषा आपोआप येते, हे बोलण्यापुरतं खरं. लिहिणं शिकवावंच लागतं, आणि इथे तर जास्तच, कारण रामबागेसारख्या मराठी वस्तीत वाढलेलं मूलसुद्धा घरी मराठी बोलतं पण शाळेत, दुकानांच्या पाट्यांवर, पेपरात सगळीकडे हिंदीच वाचतं. हिंदीत "दूध में", मग ते मराठीत "दूधात" लिहितं, "दुधात" नाही. हिंदीत कवि, आपल्याकडे कवी. हिंदीत दोन लिंगं, मराठीत तीन, पुस्तक तिकडे ती आणि इकडे ते. हे कोणी सांगितल्याशिवाय मुलाला कळणार कुठून?

मोबाईलचं म्हणाल तर दिन आणि दीन दोन्ही शब्द बरोबरच आहेत, तुम्हाला कुठला हवाय ते त्याला दर वेळी कळेलच असं नाही.

आता लाल पेन. ट्रस्कॉट या संशोधकांनी १९९६ मध्ये लिहिलं होतं की व्याकरणाच्या चुका दुरुस्त करणं सोडूनच द्या, पण ते दुसरी भाषा म्हणून लिहिणाऱ्यांबद्दल होतं, आणि डाना फेरिस यांनी १९९९ मध्ये त्याला उत्तरही दिलं. नंतर बिचनर यांच्या न्यूझीलंडमधल्या अभ्यासात एकाच प्रकारच्या चुकीवर शेरा दिला तर सुधारणा दिसली आणि ती टिकलीही. म्हणजे पानभर लाल करणं चूक, हे मला मनापासून मान्य आहे, मुलं खरंच दबकतात. पण म्हणून मुलाला काहीच सांगायचं नाही?

समजा मुलीने लिहिलं, "गणपतीत माझी आवाज बसली." मी आधी विचारीन, मग गाणं म्हटलंस की नाही, पुढे काय झालं ते लिही. चूक फक्त लिंगाचीच दाखवीन, ऱ्हस्व-दीर्घ पुढच्या वेळी. आणि वही नुसती परत द्यायची नाही, मुलं मार्क बघतात आणि मिटतात, तो परिच्छेद तिच्याकडूनच पुन्हा लिहून घ्यायचा, तोही क्लासमध्येच, घरी आई-बाबांच्या हाताने नाही.