‘५जीमुळे महाराजपुऱ्याचे रडार आंधळे’ : फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

ग्वाल्हेरच्या लश्कर आणि मुरार भागांतील मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सध्या एक संदेश फिरत आहे. त्याचा आशय असा : ५जीचे टॉवर आणि रडार एकाच लहरींवर चालतात, टॉवरच्या जोरापुढे महाराजपुऱ्याच्या हवाईतळावरील रडार आंधळे होते आणि म्हणूनच हिवाळ्यात विमाने रखडतात, अमेरिकेने याच कारणासाठी विमानतळांजवळचे ५जी बंद केले, आणि मोबाइल व रडार वारंवारतांच्या एका पट्ट्यात नांदणे अशक्य असल्यामुळे तळापासून दहा किलोमीटरच्या आतील सर्व टॉवर हटवावेत. खाली सह्यांची विनंती आहे. यांतील एक विधान अर्धे खरे आहे आणि बाकीची त्याच्या भरवशावर उभी आहेत.

पहिले विधान आकड्यांपुढे टिकत नाही. भारतात २०२२ च्या लिलावात ५जीसाठी दिलेला मधला पट्टा ३३०० ते ३६७० मेगाहर्ट्झचा आहे. विमानतळांवरील अनेक प्राथमिक रडारे, म्हणजे परतणाऱ्या लहरींवरून विमान शोधणारी, २७०० ते २९०० मेगाहर्ट्झमध्ये चालतात, तर विमानांना ओळख विचारणारी दुय्यम रडारे १०३० व १०९० मेगाहर्ट्झवर. लष्करी रडारांच्या नेमक्या वारंवारता जाहीर केल्या जात नाहीत. त्या संदेशलेखकाला कुठून कळल्या, हे त्यालाच विचारलेले बरे.

दुसऱ्या विधानात जोराचा हिशेब उलटा मांडला आहे. रडार सोडते त्या क्षणिक लहरीची, म्हणजे स्पंदाची, शक्ती टॉवरच्या शक्तीहून कितीतरी जास्त असते. नाजूक असतो तो रडारचा रिसीव्हर, कारण विमानावर आपटून परतणारी लहर अंतराच्या चौथ्या घाताने क्षीण होते : विमान दुप्पट लांब गेले की परतीचा संकेत सोळापट दुबळा होतो. त्यामुळे शेजारच्या पट्ट्यातील प्रक्षेपणाचा त्रास होऊ शकतो, हे मान्य. ब्रिटनमध्ये २६०० मेगाहर्ट्झचा पट्टा ४जीला देताना नेमकी हीच अडचण आली. तेव्हा नको त्या वारंवारता अडवणारे फिल्टर बसवून विमानतळांची रडारे सुधारण्यात आली. ग्वाल्हेरला डिसेंबर-जानेवारीत विमाने का रखडतात, हे समजण्यासाठी मात्र सकाळी खिडकीबाहेरचे धुके पाहणे पुरेसे आहे.

अर्धे खरे आहे ते अमेरिकेचे विधान, म्हणून ते नीट पाहायला हवे. जानेवारी २०२२ मध्ये तेथील दोन मोठ्या कंपन्यांनी नव्या पट्ट्यात ५जी सुरू करताना विमानतळांलगतचे टॉवर काही काळ बंद ठेवले, आणि एअर इंडियानेही अमेरिकेची काही उड्डाणे रद्द केली. परंतु काळजी जमिनीवरील रडारांची नव्हती. ती होती विमानाच्या पोटाशी बसवलेल्या रेडिओ अल्टिमीटरची, जो ४२०० ते ४४०० मेगाहर्ट्झच्या लहरी खाली सोडून जमिनीपासूनची उंची मोजतो आणि साधारण अडीच हजार फुटांच्या खालीच कामास येतो. ही उपकरणे घडली तेव्हा शेजारच्या पट्ट्यात उपग्रहांचे अत्यंत क्षीण संकेत होते, त्यामुळे अनेकांचे फिल्टर ढिले राहिले. अमेरिकेचा ५जी पट्टा ३९८० पर्यंत जातो, म्हणजे मध्ये २२० मेगाहर्ट्झ मोकळे राहतात; आपला ३६७० ला संपतो, म्हणजे ५३०. तरीही दूरसंचार विभागाने नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्ली, बेंगळुरू, नागपूर, पुणे आणि गुवाहाटी या पाच विमानतळांसाठी निर्देश दिले, की धावपट्टीच्या दोन्ही टोकांपासून २१०० मीटर आणि तिच्या मध्यरेषेपासून ९१० मीटर अंतरात या पट्ट्याचे टॉवर उभारू नयेत. त्यात दहा किलोमीटर नाहीत आणि ग्वाल्हेरही नाही. अमेरिकेत प्रवासी विमानांना फिल्टर बसवण्यासाठी जुलै २०२३ ची मुदत घालण्यात आली, आणि त्यानंतर कंपन्यांवरील बंधने सैल झाली.

राहिले ‘एका पट्ट्यात नांदणे अशक्य’ हे विधान. अमेरिकेतच ३५५० ते ३७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात नौदलाच्या जहाजांवरील रडारांचा पहिला हक्क आहे. किनाऱ्यावरील संवेदकांना रडारची चाहूल लागली की मध्यवर्ती संगणकप्रणाली त्या परिसरातील मोबाइल-वापरकर्त्यांना दुसऱ्या वारंवारतेवर हलवते. इतके लांब जायचे नसेल तर घरच्या राउटरमध्ये ५ गिगाहर्ट्झचा ५२ किंवा १०० क्रमांकाचा चॅनल निवडून पाहावा. रडार ओळखण्याची सोय चालू असेल, तर जवळपास मिनिटभर फोनवर त्या नेटवर्कचे नाव उमटत नाही, कारण तेवढा वेळ राउटर रडारचे स्पंद ऐकू येतात का हे तपासत असतो. पुढे कधी ते आढळले, तर दहा सेकंदांत तो चॅनल सोडतो आणि अर्धा तास तेथे परतत नाही. ही सोय बंद ठेवलेल्या किंवा सदोष उपकरणांनी २००९ च्या सुमारास पोर्तो रिकोतील सान हुआनच्या हवामान-रडारला खरोखरच त्रास दिला होता. तेव्हा कारवाई झाली ती त्या उपकरणांवर.

शेवटी सह्यांच्या मागणीविषयी. टॉवर हटवले म्हणून फोन गप्प बसत नाहीत : दूरच्या टॉवरपर्यंत पोहोचण्यासाठी मुरार-ठाटीपूरचे फोन अधिक शक्तीने प्रक्षेपण करतील, आणि उरलेल्या टॉवरवरील भार वाढेल. व्यत्यय खरोखर जाणवलाच, तर त्याचा स्रोत शोधण्याचे काम दूरसंचार विभागाच्या वायरलेस मॉनिटरिंग ऑर्गनायझेशनचे आहे, आणि स्रोत सापडल्यावर त्या एका अँटेनाची दिशा, कल किंवा शक्ती बदलता येते.