व्हिसा नाही म्हणे!

"अगं, केनियाला आता व्हिसाच लागत नाही," असं मला छातीठोकपणे सांगणारा आमचा आतेभाऊ गेले तीन आठवडे माझा फोन उचलत नाहीये. शहाणा आहे.

जानेवारी 2024 पासून केनियाने सगळ्या जगासाठी व्हिसा बंद केला, हे खरं. राष्ट्राध्यक्ष रुटोंनी थाटात घोषणाही केली होती. त्याच्या जागी आला ईटीए, म्हणजे ऑनलाइन प्रवास परवानगी. तिला काय लागतं? पासपोर्टचं पान, फोटो, विमानाचं तिकीट, राहण्याचं बुकिंग आणि डॉलरमध्ये फी. मग व्हिसाला काय वेगळं लागायचं हो? नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!

त्यात मी गूगलवर शोधलं आणि सगळ्यात वर आलेल्या साइटवर फॉर्म भरून मोकळी झाले. झेंडा होता, सिंहाचा फोटो होता, सगळं सरकारी वाटत होतं. माणशी तीस डॉलरच्या आसपास फी असताना त्यांनी माणशी नव्वद कापले. तिघांचे. ती दलालाची साइट होती, हे खाली मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं होतं म्हणे. रिक्षावाल्याशी वीस रुपयांवरून भांडणारी मी!

पैसे गेल्याचं दुःख आहेच, पण सासूबाईंच्या नावाने जे झालं त्याला तोड नाही. पासपोर्टवर त्यांचं नाव आणि सासऱ्यांचं नाव एकाच रकान्यात, आडनाव दुसऱ्या. तिकिटावर ती दोन्ही नावं एकमेकांना चिकटून एक लांबलचक नाव झालेलं. हॉटेलच्या कागदावर फक्त ‘मिसेस’ आणि आडनाव. आता ही एकच बाई आहे, हे त्या फॉर्मला कोण पटवणार? "आपण काय चोऱ्या करायला चाललोय का गं?" हे आई रोज विचारतात, वरणाला फोडणी देता देता.

आणि लस. पिवळ्या तापाची लस केनिया आपल्याकडे मागत नाही, आपलंच सरकार मागतं, परत येताना. दाखला नसेल तर सहा दिवस विलगीकरण. ते मला पटतं. डेंग्यू पसरवणारा डास इथे घरोघरी आहेच, त्याला आणखी एक रोग कशाला आणून द्या? पण ती लस मिळते मोजक्या मान्यताप्राप्त केंद्रांवर, आणि आम्ही गेलो तिथे ठरावीक वारीच. एका कुपीत अनेक डोस असतात, कुपी उघडली की काही तासांत संपवावी लागते, म्हणून पुरेशी माणसं जमेपर्यंत थांबा. पहिल्या दिवशी माणसं कमी पडली. दुसऱ्या खेपेला माणसं होती, लस नव्हती. तिसऱ्या खेपेला दोन्ही होतं, तर खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "आजी साठीच्या वर आहेत, डॉक्टरांची चिठ्ठी आणा." अहो बाई, हे पहिल्या दिवशी सांगायला काय झालं होतं? तेव्हाही आई माझ्या शेजारीच उभ्या होत्या, तेवढ्याच वयाच्या!

सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमधून चार खेपा. नवऱ्याच्या तीन अर्ध्या रजा. लस प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी घ्यायची असते, आम्ही अकरा दिवस आधी घेतली.

ते पिवळं पुस्तक, म्हणजे लशीचा दाखला, आता आजन्म चालतं, 2016 पासूनचा नियम आहे. तर आमच्या टूरवाल्याचा सल्ला, "मॅडम, दहा वर्षांनी परत घ्यावी लागेल हं." त्याला मी जे सुनावलं ते इथे लिहिता येणार नाही.

आज सकाळी मेल आली. दोघांची परवानगी मंजूर. माझा फोटो नाकारला, मागची भिंत पांढरी नाही म्हणून. पांढरीच आहे ती! दिवाळीत रंग दिलाय. आता नवरा बाल्कनीत चादर धरून उभा आहे आणि ओरडतोय, "हस नको, हसलेला चालत नाही."

हसतंय कोण इथे?