फ्यूज काढून ब्रेक सुधारत नाही, भाऊ

"जुन्या स्पोर्ट्स कारचं एबीएस काढून टाका, गाडी हलकी होते, ब्रेक करकचून लागतो, कच्च्या रस्त्यावर लवकर थांबते, डॅशबोर्डवरचा तो पिवळा दिवाही छळत नाही. रेसवाले तरी कुठं वापरतात?" अशा अर्थाचा व्हिडिओ आमच्या घाटंजी-पांढरकवडा भागात मोबाइलवरून मोबाइलवर फिरतोय. एबीएस म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाकं लॉक, म्हणजे जाम, होऊ न देणारं यंत्र. माझ्या वीस वर्षं जुन्या टर्बो गाडीतला त्याचा फ्यूज मी तो व्हिडिओ पाहायच्या आधीच काढून बसलो होतो, म्हणून चार शब्द.

वजनाचं आधी उरकतो. 1978 मध्ये बॉशचं एबीएस मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आलं, तेव्हा ते यंत्र सहा किलोच्या आसपास होतं. पुढं हलकंच होत गेलं. डिक्कीतलं तुरीचं पोतं उतरवा, त्यापेक्षा जास्त फरक पडेल.

रेसचं म्हणाल, तर फॉर्म्युला वनमध्ये 1994 पासून त्यावर बंदी आहे. निकामी वस्तूवर बंदी कोण घालतं? रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारवरून बनवलेल्या जीटी3 वर्गाच्या रेस गाड्यांत एबीएस असतंच.

कच्च्या रस्त्याचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे. सैल मुरमावर लॉक झालेलं चाक पुढ्यात खड्यांचा ढीग ओढतं आणि गाडी एबीएसपेक्षा कमी अंतरात थांबू शकते. पण आपल्याकडं मुरूम किती आणि काळी माती किती? पाऊस होऊन गेला की ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर वावरातला चिखल डांबरावर येतो. त्यावर ढीगबीग होत नाही, साबण होतो. अशाच एका संध्याकाळी पऱ्हाटीतून रोही उडी मारून समोर आला. मी पाय दाबला, चारही चाकं लॉक. स्टेअरिंग पूर्ण डावीकडं, गाडी सरळच. रोही निघून गेला म्हणून वाचला. मी धुऱ्याला जाऊन टेकलो. फिरणारं चाकच वळतं, घसरणारं नाही. एबीएस काम करताना पेडलखाली जी धडधड लागते, ती चाक फिरतं ठेवण्यासाठीच असते.

आणि "करकचून" काय लागतं? पॅड तेच, डिस्क तीच, टायरही तोच. उलट बऱ्याच गाड्यांत मागच्या चाकांचा ब्रेक किती लागावा, हे त्याच यंत्रातलं ईबीडी ठरवतं. ते गेलं की मागची चाकं आधी लॉक होऊ शकतात आणि गाडी गिरकी घेते. यंत्रच काढून पाइप जोडणं तर वेगळंच दुखणं. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मूळ रचनेत असले बदल करू देत नाही, ते आणखी वर.

राहिला दिवा. फ्यूज काढल्यावर तो विझत नाही, कायमचा लागतो! माझ्या मेकॅनिकनं त्यावर काळी टेप लावून दिली होती. "कटकट काऊन पायजे, भाऊ?"

धुऱ्याच्या प्रसंगानंतर दुसऱ्या गॅरेजमध्ये पुढचं डावं चाक उतरवलं. चाकाचा वेग एबीएसला कळवणारा सेन्सर जुन्या पद्धतीचा, चुंबकाचा. त्याच्या टोकाला लोखंडाचा बारीक कीस दाढीसारखा चिकटला होता, वरून वाळलेली माती. पोरानं फडक्यानं पुसला, दातेरी रिंग ब्रशनं घासली, फ्यूज परत बसवला. गाडी गॅरेजच्या फाटकाबाहेर निघून थोडी पुढं गेली आणि टेपच्या कडेतून दिसणारा पिवळा उजेड गेला.