परदेशातून : हजेरीपटावरचं नाव खासगी कसं?

टेक्सासमध्ये सरकारी नोकराचा पगार कुणालाही पाहता येतो. शाळांचा सुपरिंटेंडेंट असो की नगरपालिकेच्या पाणीखात्यातला फिटर. नाव, हुद्दा, पगार, नोकरीच्या तारखा ही जाहीर माहिती आहे, असं राज्याच्या कायद्यातच लिहिलंय. घरचा पत्ता आणि फोन नंबर मात्र कर्मचाऱ्याला झाकून ठेवता येतो. मी इथला नागरिक नाही, तरी अर्ज करू शकतो आणि कागद कशासाठी हवा हे मला विचारायला मनाई आहे.

म्हणूनच आपल्याकडे माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(जे)ची जी मोडतोड झाली, ती मला फार लागते. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारायची तर तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा ती दिल्यानं खासगीपणावर विनाकारण घाला येतो, असं कारण लागायचं. डेटा संरक्षण कायद्यामुळे नोव्हेंबर २०२५ पासून माहिती 'वैयक्तिक' आहे एवढंच पुरतं. जनहित मोठं असेल तर अशी माहितीही देता येते, त्यासाठी कलम ८(२) आहेच, असं सरकार म्हणतं. आहे, पण जनहित पटवण्यासाठी अपिलाच्या पायऱ्या चढायच्या अर्जदारानं.

रोजगार हमीचा हजेरीपट घ्या. मेलेल्या माणसाच्या नावानं मजुरी उचलली, हे ते नाव वाचल्याशिवाय कळणार कसं? राजस्थानात १९९४ पासून जनसुनवाईत अशीच नावं गावासमोर मोठ्यानं वाचली गेली आणि त्यातूनच माहितीच्या हक्काची मागणी पेटली. अण्णा हजारेंच्या उपोषणांमुळे महाराष्ट्राचा कायदा तर केंद्राच्याही आधी आला. त्याच महाराष्ट्रातल्या ग्रामसेवकाला आता ही नावं 'वैयक्तिक' म्हणता येतील.

इथंही सगळं आलबेल नाही. मे २०२२ मध्ये टेक्सासमधल्याच युव्हाल्डीच्या शाळेत एका बंदूकधाऱ्याच्या गोळीबारात १९ मुलं आणि २ शिक्षिका मारल्या गेल्या. पोलीस तासाभराहून जास्त वेळ वर्गाबाहेर का थांबले, याचे कागद आणि व्हिडिओ मिळवायला पत्रकारांना कोर्टात जावं लागलं. मोठ्या अर्जांवर कागद शोधण्याची तासाला १५ डॉलर मजुरीही लावतात. आपला १० रुपयांचा अर्ज त्याहून कितीतरी न्याय्य आहे.

पण एक तरतूद आपण जरूर उचलावी. इथं माहिती अडवायची असेल तर कार्यालयाला सहसा कामकाजाच्या १० दिवसांत राज्याच्या ॲटर्नी जनरलकडे, म्हणजे मुख्य कायदा अधिकाऱ्याकडे, निर्णय मागावा लागतो. धावपळ कार्यालयाची, अर्जदाराची नव्हे. आपल्याकडे पहिलं अपील त्याच खात्यातल्या वरिष्ठाकडे जातं आणि दुसरं माहिती आयोगात तुंबतं. जुनं कलम परत आणा आणि नकार देणाऱ्यालाच आयोगापुढे उभं करा.