मोतीबिंदू ‘लेझर’नंच काढा म्हणे!

आत्यानं शिबिरातल्या मोतीबिंदू ऑपरेशनची ठरलेली तारीख रद्द केली. कारण व्हॉट्सअॅपवर फिरणारा एक मजकूर: ‘ब्लेडच्या जुन्या ऑपरेशननं डोळा जातो. बिनकापाकापीचं लेझरच करा. पैसे नसतील तर मोतीबिंदू पूर्ण पिकेपर्यंत थांबा, तोवर डोळ्यात मध घाला.’ खाली ‘एका डॉक्टर मित्राकडून’. मित्राचं नाव अर्थातच नाही.

ज्याला हे लोक ‘लेझर’ म्हणतात ते बहुतेक वेळा फेको असतं. त्यात मोतीबिंदू अल्ट्रासाउंडनं फोडून ओढून घेतात आणि आत शिरायला छेद ब्लेडनंच देतात. खरं लेझर, म्हणजे फेम्टो, वापरलं तरी तुकडे बाहेर काढायला नळी डोळ्यात घालावीच लागते. राहिलं कुठं ‘बिनकापाकापीचं’?

शिबिरात होतं, म्हणजे मजकुरातलं ‘ब्लेडचं जुनं’, ते स्मॉल इन्सिजन: यात मोतीबिंदू छेदातून हातानं बाहेर काढतात. छेद सहा-सात मिलिमीटरचा, पण तिरका, त्यामुळे सहसा बिनटाक्याचा मिटतो. पुण्याच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयातल्या डॉक्टरांनी 400 डोळ्यांवर फेको आणि स्मॉल इन्सिजनची तुलना केली. कुणाला कोणती, हे यादृच्छिक निवडीनं ठरवलं. 2005 मध्ये निकाल छापून आले. सहा आठवड्यांनी योग्य चष्मा लावून 6/18 (निरोगी डोळ्याला 18 मीटरवरून दिसतं ते 6 मीटरवरून दिसणं) किंवा त्याहून चांगलं दिसणारे दोन्ही गटांत 98.4 टक्के! डोळा जातो म्हणणाऱ्यांनी हा आकडा दोनदा वाचावा. चष्म्याशिवाय मात्र फेकोवाले पुढे होते, 81 टक्के विरुद्ध 71. फेकोचा छेद आणखी लहान, म्हणून चष्म्याचा सिलिंडरचा नंबर कमी येतो. एवढं मान्य.

सगळ्यात घातक सल्ला पिकेपर्यंत थांबण्याचा. डोळ्यात कृत्रिम भिंग बसवत नसत, जाड भिंगाचा चष्मा लागायचा, तेव्हा त्याला काही अर्थ होता. आता नाही. मोतीबिंदू जितका कडक, तितका अल्ट्रासाउंडचा मारा जास्त. त्यात कॉर्नियाच्या (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या) आतल्या थराच्या पेशी मरतात, त्या पुन्हा तयार होत नाहीत. फार पिकला तर डोळ्यातला दाब वाढून नजर कायमची जाऊ शकते. म्हणजे फेकोची जाहिरात करायची आणि फेको अवघड होईपर्यंत थांबायलाही सांगायचं! आत्याचा आधीच तपकिरी झालाय. अशा कडक मोतीबिंदूला बरेच सर्जन स्मॉल इन्सिजनच पसंत करतात.

मध? मोतीबिंदू बाहुलीच्या मागे असतो. वरून घातलेल्या मधानं तो विरघळत नाही, जंतुसंसर्ग मात्र होऊ शकतो.

विचारायचंच असेल तर सर्जनला विचारा: तुमचा हात कोणत्या पद्धतीवर बसलाय? भिंगामागचा पातळ पडदा फाटला तर काय कराल? तो दोन्हीत फाटू शकतो.