‘सहा तासांत नोटरी?’ : एका वकीलसाहेबांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार वकीलसाहेब,

नावाच्या जागी ‘एक वकील’ एवढंच लिहिलंत, म्हणून हे संबोधन. कॅलिफोर्नियात नोटरी कसं व्हायचं, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. पहिल्यांदा चिडून, दुसऱ्यांदा हातात पेन घेऊन. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी: तुमचे आक्षेप तीन आहेत. सहा तासांचा वर्ग आणि एक परीक्षा एवढ्यावर नोटरी होता येतं असं लिहून मी या पदाची थट्टा केली. तो लेख वाचून भारतातली मुलं असले ऑनलाइन कोर्स करतील आणि फसतील. आणि ‘बाँड म्हणजे नोटरीचा विमा’ हे माझं वाक्य धडधडीत चूक आहे.

तिसऱ्यापासून सुरुवात करते, कारण तिथे मी खरंच चुकले. कॅलिफोर्नियात नोटरीला 15,000 डॉलरचा बाँड द्यावा लागतो, पण तो नोटरीसाठी नसतोच. नोटरीच्या चुकीमुळे कुणाचं नुकसान झालं, तर हमीदार कंपनी त्या माणसाला भरपाई देते आणि मग तेवढे पैसे नोटरीकडूनच वसूल करते. स्वतःच्या बचावासाठी नोटरीला वेगळा विमा घ्यावा लागतो आणि तो ऐच्छिक असतो. मी दोन्हींची खिचडी केली होती. वर्गात हे शिकवलं होतं, परीक्षेतही त्यावर प्रश्न होता, तरी लिहिताना घसरले. लेखात दुरुस्ती केली आहे.

दुसरा आक्षेप. भारतात 1952 चा नोटरी कायदा आणि 1956 चे नियम लागू आहेत. त्यानुसार किमान दहा वर्षांची वकिली हवी. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि इतर मागासवर्गीयांसाठी ही अट सात वर्षांची. न्यायिक सेवेतल्या आणि काही सरकारी विधी अधिकाऱ्यांसाठी स्वतंत्र वाट आहे. प्रमाणपत्र पाच वर्षांचं, पुढे नूतनीकरण. कोणताही कोर्स या वर्षांची भरपाई करत नाही. कुणी ‘नोटरीचा डिप्लोमा’ विकत असेल तर त्याच्या दारातूनच परत फिरा. हे मूळ लेखात पहिल्याच ओळीत यायला हवं होतं, आता आलं आहे.

आता मुख्य मुद्दा, आणि इथे मात्र मी मागे हटणार नाही.

‘नोटरी म्हणजे काय शिक्का मारायचं दुकान आहे का?’ असं तुम्ही विचारलंत. नाही. पण ती परीक्षा कायद्याचं ज्ञान तपासते असं तुम्ही गृहीत धरलंय, गोंधळ तिथे आहे. परीक्षा तपासते ते एवढंच, की कुठे हात आखडायचा हे तुम्हाला कळतं की नाही.

मी पहिल्या प्रयत्नात नापास झाले होते. लेखात हे लिहिलं नव्हतं, लाज वाटली. उत्तीर्ण व्हायला 70 गुण लागतात आणि एकदा आपटलात की त्याच कॅलेंडर महिन्यात पुन्हा बसता येत नाही. अडले ते अशा प्रश्नावर: ग्राहक कागद घेऊन आला, त्यावर नोटरीचा मजकूरच नाही, तो विचारतो, ‘कुठलं प्रमाणपत्र जोडू?’ मी मदत करणारं उत्तर निवडलं. चूक! प्रकार कोणते आहेत ते नोटरी दाखवू शकते. त्यातला कुठला हवा हे ग्राहकाने ठरवायचं. नोटरीने निवडून दिला तर ती विनापरवाना वकिली होते. तुमच्या दृष्टीने तर हे सर्वांत सुखद उत्तर असायला हवं.

प्रश्न साधारण याच जातीचे असतात. सही आधीच केलेली असेल तर ॲक्नॉलेजमेंट चालतं, म्हणजे समोर येऊन ‘ही सही माझीच’ एवढं कबूल करायचं. जुरॅट असेल तर शपथ घेऊन नोटरीसमोरच सही करावी लागते. वीस वर्षांपासूनची मैत्रीण आली तरी ओळखपत्र बघायचं, कारण 2008 पासून ‘मी हिला ओळखते’ एवढं तिथे पुरत नाही. स्थावर मालमत्तेच्या दस्ताला किंवा कुलमुखत्यारपत्राला नोंदवहीत अंगठा घ्यायचा. जन्मदाखल्याची प्रत प्रमाणित करून मागितली तर नाही म्हणायचं. सहा तास यात कसे जातात ते कळत नाही. (शेवटचा तास सोडून. तेव्हा सगळे घड्याळाकडे बघत असतात.)

आणि एक गोष्ट तुम्हाला आवडणार नाही: कॅलिफोर्नियात वकिलालाही यातून सूट नाही. माझ्या शेजारी एक वकीलबाई बसल्या होत्या, पहिला तासभर त्यांची चुळबुळ चालली होती. जेवणाच्या सुट्टीनंतर माझ्यापेक्षा जास्त टिपणं त्यांच्या वहीत होती. न्यूयॉर्कमध्ये उलट आहे: सक्तीचा वर्ग नाही, परीक्षा आहे, पण वकिलांना ती माफ. फ्लोरिडात नवख्यांना तीन तासांचा वर्ग, परीक्षा नाहीच.

‘मग हे पद हलकंच झालं ना?’ असं तुम्ही म्हणाल. पदाचा आवाका लहान आहे म्हणा. हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातही गाजलेलं आहे. नोटरी होण्यासाठी नागरिकत्व हवं अशी टेक्सासची अट होती. बर्नाल विरुद्ध फेंटर या 1984 च्या खटल्यात न्यायालयाने ती रद्द केली. न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांच्या निकालाचा आशय असा, की नोटरीचं काम महत्त्वाचं आहे, पण ते ठरलेल्या नियमांनुसार पार पाडायचं काम आहे. धोरण ठरवण्याचा किंवा स्वतःच्या मर्जीने निवाडा करण्याचा अधिकार त्यात नाही.

त्याच देशात लुईझियाना बघा. तिथली कायद्याची घडण फ्रेंच-स्पॅनिश वळणाची. तिथला नोटरी मृत्युपत्र आणि खरेदीखतं स्वतः तयार करतो आणि त्याची नेमणूक तहहयात असते. म्हणून परीक्षा इतकी कठीण की नापास होणारेच जास्त. इंग्लंडमध्ये आजही नोटरीची नेमणूक कँटरबरीच्या आर्चबिशपच्या फॅकल्टी ऑफिसकडून होते. हा अधिकार 1533 च्या कायद्यापासूनचा. तिथे दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे आणि त्यात रोमन कायदासुद्धा शिकावा लागतो. काम मोठं, म्हणून तयारी मोठी.

या एकाच शब्दाने केलेला घोळ मी डोळ्यांनी पाहिला आहे. मेक्सिकोत ‘नोतारिओ पुब्लिको’ म्हणजे वरच्या दर्जाचा कायदेतज्ज्ञ. तिथून आलेली माणसं अमेरिकेत ती पाटी बघून व्हिसाचे कागद घेऊन आत शिरतात आणि आयुष्यभराची कमाई आणि अर्ज दोन्ही घालवून बसतात. म्हणूनच कॅलिफोर्नियात ‘नोटरी पब्लिक’चं स्पॅनिशमध्ये शब्दशः भाषांतर करून जाहिरात करायलाच बंदी आहे. तुमचा राग आणि हा कायदा, दोघांचं दुखणं एकच आहे.

उरला एक प्रश्न, तो मात्र मी तुम्हालाच विचारते. दहा वर्षांच्या वकिलीत माणूस युक्तिवाद शिकतो, मसुदे शिकतो. पण समोर न आलेल्या माणसाच्या सहीवर शिक्का मारायचा नाही, हे त्याला कुणी, कधी, बसवून शिकवतं का? तुम्ही शिकला असाल, चांगल्या सीनियरकडे. सगळ्यांनाच तसा सीनियर मिळतो? दहा वर्षं राहू देत, त्यांवर अर्ध्या दिवसाचा वर्ग आणि एक परीक्षा ठेवली तर काय बिघडेल, हे मला खरंच जाणून घ्यायचं आहे.

जाता जाता तुम्ही टोमणा मारला होता: ‘असल्या नोटरीचं कुलमुखत्यारपत्र भारतात कोण विचारतो?’ विचारतात. तो कागद कॅलिफोर्नियाच्या राज्य सचिवालयात जातो, तिथून त्याला ॲपोस्टिल लागतं, म्हणजे परदेशात कागद चालावा म्हणून मिळणारा सरकारी दाखला. असा दाखला मानणाऱ्या देशांच्या हेग करारात भारत 2005 पासून आहे. भारतात पोहोचल्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांक शुल्क भरायचं, हे लोक हमखास विसरतात आणि मग मला फोन करतात. आणि ॲपोस्टिलवर असतं काय? नोटरीची सही, तिचा शिक्का आणि तिचं पद खरं आहे, एवढंच. आतल्या मजकुराबद्दल एक अक्षर नाही. तो तपासायला तुम्हीच लागता, वकीलसाहेब.